दुबई-शारजात कारखाना टाकायचाय? लायसनच्या आधी शेड आणि विजेचा लोड बघा

भोसरी, सातपूर, इचलकरंजीकडच्या छोट्या कारखानदारांनी युएईत युनिट टाकायचं मनात आणलं की पहिला फोन एजंटला जातो आणि एजंट म्हणतो, आठवड्यात लायसन हातात देतो. अहो ते ट्रेडिंगचं लायसन असतं! माल बनवायचा तर इंडस्ट्रियल लायसन लागतं आणि ते जागा, मशिनरी, सुरक्षा सगळं बघून मगच देतात.

आधी ठरवा मेनलँड (देशाचा नेहमीचा भाग) की फ्री झोन (कस्टमच्या हिशोबाने देशाबाहेरचा धरलेला वेगळा पट्टा). माल आफ्रिका-युरोपला जाणार असेल तर जेबेल अली किंवा शारजाचा हमरिया फ्री झोन बरा, दोन्हीकडे बंदर लागूनच आहे. पण गिऱ्हाईक दुबई-अबुधाबीतलंच असेल तर नीट विचार करा, कारण फ्री झोनमधून आत आणलेला माल आयात धरतात आणि त्यावर साधारण ५ टक्के कस्टम ड्युटी लागते. मेनलँडवर आता बहुतेक धंद्यांत लोकल पार्टनरची सक्ती नाही, जून २०२१ पासून पूर्ण मालकी आपली ठेवता येते.

मग अॅक्टिव्हिटी निवडायची, म्हणजे नेमकं काय बनवणार ते. इथे घाई करू नका, प्लास्टिकच्या पिशव्या लिहिल्यात आणि उद्या डबे काढायचे झाले तर अॅक्टिव्हिटी परत वाढवून घ्यावी लागेल. नावाला आणि अॅक्टिव्हिटीला प्राथमिक मंजुरी मिळाली की शेड बघायला निघा. आणि शेड बघताना भाड्याच्या आधी वीज विचारा, मंजूर लोड किती किलोवॅट आहे ते लेखी घ्या. मशीनला लागतो त्यापेक्षा लोड कमी असेल तर वाढवून घेण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातं, भाडं मात्र चालूच राहतं. त्यानंतर मशीनचा लेआउट, सिव्हिल डिफेन्सची (म्हणजे तिथल्या अग्निशमन खात्याची) फायर मंजुरी, पर्यावरणाची परवानगी, खाण्याचा माल असेल तर अन्नसुरक्षेची वेगळी तपासणी, हे सगळं झाल्यावर कारखाना चालू करायचा. म्हणून माझं स्पष्ट मत, लीजवर सही करायच्या आधी लेआउट तिथल्या कन्सल्टंटकडून तपासून घ्याच. मेनलँडवाल्यांनी तिथल्या उद्योग मंत्रालयाकडेही चौकशी करा, मशिनरी आणि कच्च्या मालावर कस्टम ड्युटीची सूट मिळते ती त्यांच्याच मार्फत.

इथली कंपनी तिथे मालक होणार असेल तर बोर्ड रेझोल्यूशन (संचालकांचा ठराव), एमओए (कंपनीची घटना) वगैरे कागदांना नुसतं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा एकच सरकारी शिक्का, करून भागत नाही. आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग युएईचा दूतावास आणि तिथे गेल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय असे शिक्के लागतात, शिवाय अरबी भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच. नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे ना ते प्रत्येक कागदावर बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडची बाजू. एजंट हे सांगतच नाही. तिथे भांडवल पाठवायच्या आधी बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) भरून रिझर्व्ह बँकेचा युआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख नंबर, घ्यावा लागतो. कंपनी स्वतःच्या नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी न घेता, गुंतवू शकते, स्वतःच्या नावाने पाठवणार असाल तर एलआरएसची (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची) मर्यादा, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. दुबईतल्या पाहुण्याच्या खात्यातून परस्पर पैसे भरून घेऊ असला सल्ला कोणी दिला तर बिलकुल ऐकू नका, फेमाचं, म्हणजे परकीय चलन कायद्याचं, प्रकरण मागे लागतं. पैसे गेल्यावर सहा महिन्यांच्या आत शेअर सर्टिफिकेट बँकेत द्यायचं आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (तिथल्या कंपनीचा वार्षिक अहवाल) भरायचा, तो राहिला तर लेट फी बसते आणि हे मिटेपर्यंत पुढचे पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून सीएला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.