म्हशीचा छुपा कासदाह: दूध तपासून कसा ओळखावा

दगडी (उघड कासदाह) झाली की कास सुजते, गरम लागते, दुधात गाठी येतात. ते कोणालाही कळतं. छुप्या कासदाहात मात्र कास मऊ असते, दूध नेहमीसारखं दिसतं, फक्त एखाद्या सडाचं दूध कमी होत जातं. म्हणून तपासणी सडागणिकच करायची. बादलीत सगळं एकत्र झालं की एका सडाचा दोष बाकी तिघांच्या दुधात लपतो.

म्हशीच्या कासेत पान्ह्याआधी दूध फार थोडं उतरलेलं असतं, त्यामुळे पान्हा सुटेपर्यंत थांबा. प्रत्येक सडाच्या पहिल्या ३-४ धारा काळ्या ताटलीत घ्या. गुठळ्या किंवा पाणचटपणा लगेच दिसतो. जमिनीवर पिळू नका, जंतू गोठाभर होतात.

मग सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट ही कासदाहाची चाचणी. पॅडलच्या (हातात धरायच्या ताटलीच्या) चार कप्प्यांत प्रत्येक सडाचं २-३ मिली दूध आणि तेवढंच सीएमटीचं द्रावण घालून आडवं, गोल फिरवा. १० सेकंदांत फरक दिसतो; निकाल २० सेकंदांच्या आत बघा, उशीर केला तर चिकटपणा विरतो. द्रावणातला साबण दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतो, त्यांचा डीएनए बाहेर पडून दूध बुळबुळीत होतं. मधोमध गोळा जमून तळाला चिकटला, तर दाह जोरात आहे. नुसती पुसट तार दिसली तर दोन दिवसांनी पुन्हा तपासा. द्रावण नसेल तर १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम कपड्यांची पावडर चालते, पण मिनिटभर फिरवावं लागतं.

नुकतीच व्यालेली किंवा आटत आलेली म्हैस फसवते: चारही कप्पे सारखेच घट्ट होतात. तेव्हा उरलेल्या तिघांपेक्षा वेगळा कोणता, ते बघा.

जंतू कोणता हे सीएमटी सांगत नाही. त्यासाठी प्रतिजैविक टोचण्याआधीच प्रयोगशाळेसाठी नमुना घ्या. सडाचं टोक ७०% अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, बोळा मळेनासा होईपर्यंत. पुसताना पलीकडचे सड आधी, दूध घेताना अलीकडचे आधी. नाहीतर पुसलेल्या सडाला हात घासतो. निर्जंतुक बाटली तिरकी धरून ५-१० मिली घ्या, सडाचा क्रमांक लिहा, बर्फात ठेवून २४ तासांत पोचवा. एकाच नमुन्यात चार-पाच जातींचे जंतू निघाले, तर ते बहुधा हातावरचे किंवा शेणातले असतात.

स्टॅफायलोकोकस ऑरियस हा कासदाहाचा एक जंतू दुधात रोज उतरतोच असं नाही. सीएमटी घट्ट आणि प्रयोगशाळेचा अहवाल कोरा (जंतू न सापडलेला) आला, तर काही दिवसांनी त्याच सडाचं दूध पुन्हा पाठवा.