हिवाळी पक्षिनिरीक्षण : पाणथळीवर आणि घराजवळ या चुका टाळा

सकाळी तळ्यावर पोहोचलात आणि पाण्यावरची सगळी बदकं नुसती काळी दिसली, तर दुर्बिणीला बोल लावू नका. तुम्ही उन्हाकडे तोंड करून उभे आहात. सकाळी पूर्वेचा काठ धरा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो, संध्याकाळी पश्चिमेचा. दुर्बीण नवीन घेणार असाल, तर खिशात मावणारी १०×२५ (दहापट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास २५ मिलिमीटर) नको. २५ ला १० ने भागलं की डोळ्यात येणारं प्रकाशाचं वर्तुळ अडीच मिलिमीटरचं निघतं. ८×४२ मध्ये ते सव्वापाच असतं. भल्या पहाटे हा फरक लगेच जाणवतो.

ऑक्टोबरात ‘यंदा सगळ्या माद्याच आल्यात’ असं पुष्कळ जण वहीत लिहितात. मीही लिहिलं होतं. विणीनंतर नर बदकं भडक पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखीच तपकिरी दिसतात. थापट्या या बदकाच्या नराचं डोकं पुरतं हिरवं व्हायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोवर रंगावर जाऊ नका, चोच बघा. टोकाशी पळीसारखी रुंद चोच पाण्यात बुडवून, ती डावी-उजवीकडे फिरवत तो पुढे सरकतो. जवळून दिसला तर डोळाही बघा: पूर्ण वाढलेल्या नराचा पिवळा, मादीचा तपकिरी. आणि पांढऱ्या चोचीचा काळा वारकरी पक्षी बदक नव्हेच, तो पाणकोंबडीच्या कुळातला.

सगळ्यांत मोठी चूक मात्र जवळ जाण्याची. चरणारे पक्षी माना वर करून स्तब्ध झाले की आहात तिथेच थांबा. आणखी दोन पावलं टाकलीत की थवा उठलाच. हिवाळ्यात दिवस लहान, चरायला वेळ कमी, आणि परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. फोटोसाठी थवा उठवणं मला अजिबात मान्य नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नाही. त्यापेक्षा काठावर खाली बसा, वीस मिनिटं हलू नका. चिखलाच्या कडेकडेने, बूड वरखाली हलवत, तुतवार हा छोटा पाणपक्षी बरेचदा आपणहून तुमच्याकडे येतो.

तिथेच धोबी पक्षीही असतात. पोट पिवळं दिसलं की ‘पिवळा धोबी’ लिहून मोकळं होऊ नका, करड्या धोब्याचंही बूड पिवळंजर्द असतं. पाय बघा: करड्याचे फिकट गुलाबी, पिवळ्याचे काळे. पाय गवतात लपले असतील तर शेपूट बघा, करड्याची बरीच लांब असते.

अ‍ॅपने आवाजावरून सुचवलेलं नाव हा अंदाज समजा. स्वतःची खात्री पटल्यावरच नोंद करा.

घराजवळ काय दिसणार, म्हणून फक्त सुट्टीच्या दिवशी तळं गाठणं हीसुद्धा चूकच. रोज एकाच खिडकीत पंधरा मिनिटं बसा, आणि आज कोण दिसलं नाही तेही लिहा. पाहुणा नेमका कधी आला, हे त्या वहीतूनच कळतं. दाण्यापाण्याचं भांडं ठेवत असाल तर ते रोज घासा, घाणेरड्या भांड्यातून पक्ष्यांमध्ये आजार पसरतात. खिडकीच्या काचेवर पक्षी आदळत असतील, तर एकच ससाण्याचं चित्र चिकटवून भागत नाही. पक्षी त्याला वळसा घालून उरलेल्या काचेवर आदळतो. बाहेरच्या बाजूने, दोन-दोन इंचांवर, अख्ख्या काचेला ठिपके लावा.