कोटा फुल्ल म्हणतंय आणि ड्राईव्ह तर मोकळा? आधी ओनर बघा की

गणपती जवळ आले की आमच्या बेळगावात डीटीपीवाल्यांची धांदल, मंडळांचे बॅनर, पावती बुकं, मराठी वेगळं कन्नड वेगळं, एकेक फाईल शेकडो एमबीची, आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तरी सेव्ह होईना झालेलं असतंय. सर्व्हरचा डी ड्राईव्ह बघितला तर अर्धा रिकामा. म्हणजे कोटा, एकेका युजरला ड्राईव्हवर बांधून दिलेली जागेची मर्यादा, आडवा आलाय.

ड्राईव्हवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, कोटा टॅब, खाली कोटा एन्ट्रीज. तिथं युजरवार हिशेब दिसतो. विंडोजचा हा एनटीएफएस (ड्राईव्हवर फाईली ठेवायची विंडोजची पद्धत) कोटा फोल्डर मोजत नाही, फाईलचा ओनर, म्हणजे फाईल कुणाच्या नावावर आहे ते मोजतो, निम्मी भांडणं इथंच मिटतात. पोरानं स्वतःची फाईल त्याच ड्राईव्हवर दुसऱ्याच्या फोल्डरात मूव्ह केली तरी ती त्याच्याच नावावर राहते, कॉपी केली तर जो कॉपी करतो त्याच्या नावावर चढते. फाईली कॉम्प्रेस करून तर काहीच सुटत नाही, मोजणी मूळ साईजनंच होते. आणि कोटा चालू करायच्या आधीपासून ज्यांच्या फाईली होत्या त्यांना डीफॉल्ट लिमिट लागत नाही, नो लिमिट दिसतं, ते कोटा एन्ट्रीजमध्ये जाऊन हातानं लावायचं, कंटाळवाणं हाय पण करावं लागतंय.

आता लॉग, म्हणजे विंडोजची नोंदवही. कोटा टॅबवर खाली दोन टिक असतात, एक लिमिट ओलांडल्याची, एक वॉर्निंगची. त्या मारल्या नसतील तर लॉगमध्ये शोधून उपयोग नाही. मारल्या असतील तर इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम, सोर्स एनटीएफएस, आयडी ३६ म्हणजे वॉर्निंग आणि ३७ म्हणजे लिमिट. लगेच दिसलं नाही म्हणून सेटिंग उचकू नका, विंडोज ही नोंद डीफॉल्टला ३६०० सेकंदांनी, म्हणजे तासातनं एकदा टाकतंय. घाईच असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर एफएसयूटिल या कमांडच्या बिहेवियरमध्ये कोटानोटिफाय ३०० करा आणि मशीन रिस्टार्ट मारा. सिस्टम लॉगची साईज साधारण २० एमबीच असते, भरला की जुनं पुसून नवं लिहितो, मागच्या महिन्याचं बघायचं असेल तर साईज आधीच वाढवून ठेवा.

करंट जाऊन सर्व्हर आपटला असेल आणि कोटा टॅबवरचा सिग्नल पिवळा दिसत असेल तर हिशेब परत मांडणं चाललंय, हिरवा होईपर्यंत हात लावू नका.

सोडून गेलेल्या पोराची एन्ट्री नावाऐवजी लांबलचक नंबरनं दिसते. ती डिलीट करताना आधी त्याच्या फाईली विचारतो, तिथं डिलीट दाबू नका, टेक ओनरशिप घ्या, कारण गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तोच बॅनर मागायला येतंय.