टायमर स्लॅकला हात लावण्याआधी

टायमर स्लॅक म्हणजे टायमरला ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा वाजायची मुभा आहे ती; मुभा जास्त असली की कर्नल बरेच टायमर एकत्र उरकतो. बॅटरीवर चालणाऱ्या लिनक्स बोर्डावर प्रोसेसरला जास्त झोपू द्यायचंय आणि सेन्सरचं वाचनही वेळेवर हवंय, तर आधी पॉवरटॉप (प्रोसेसर कशामुळे जागा होतो ते दाखवणारं साधन) लावून कोण किती वेळा उठवतंय ते लिहून ठेवा. बदलाआधीचे आकडे नसले तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

मग थ्रेडची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र चालणाऱ्या कामांची, वाटणी करा. लॉग लिहिणाऱ्याला दहा-वीस मिलिसेकंद उशीर झाला तरी कुणाचं काही अडत नाही. सेन्सरवाल्याचं अडतं. मूळ स्लॅक ५० मायक्रोसेकंदांचा असतो. तो वाढवला की टायमर उशिराच वाजणार, लवकर कधीच नाही.

आता मागच्या वेळी माझ्याकडून राहिलेली गोष्ट. स्लॅक थ्रेडागणिक असतो आणि नवा थ्रेड आपल्याला बनवणाऱ्या थ्रेडचा स्लॅक उचलतो. मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या पहिल्या थ्रेडमध्ये, सुरुवातीलाच १० मिलिसेकंद लावलेत, तर सेन्सरचा थ्रेडही १० घेऊनच येतो. ५ मिलिसेकंदांची झोप १५ पर्यंत जाते. टेबलावर हे दिसत नाही, कारण बोर्ड कामात असताना टिक, म्हणजे कर्नलचा ठरावीक अंतराने येणारा इंटरप्ट, चालू असतो आणि त्याच इंटरप्टमध्ये मुदत उलटलेला टायमरही उरकला जातो. बोर्ड शांत झाला, टिक थांबला, की अख्खा स्लॅक अंगावर येतो. म्हणून थ्रेड आधी बनवा आणि स्लॅक ज्याच्या त्याच्या आतून लावा. मेनमध्ये नको!

पीआरसीटीएलला (थ्रेडचा स्लॅक बदलणारा सिस्टीम कॉल) ० देऊन सुटका होईल असंही समजू नका. ० म्हणजे ‘त्या थ्रेडच्या डीफॉल्टवर जा’, आणि नव्या थ्रेडचा डीफॉल्टसुद्धा बनवणाऱ्याकडूनच आलेला असतो. म्हणजे पुन्हा तेच १० मिलिसेकंद. नेमकेपणा हवा तर १ द्या, १ नॅनोसेकंद. एक्झेक केल्यावरही, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवल्यावरही, स्लॅक पुसला जात नाही, तेव्हा सुरुवातीच्या स्क्रिप्टमधून काय वारशाने येतंय तेही बघा. कर्नल ४.६ किंवा पुढचा असेल तर प्रोकमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये) टाइमरस्लॅक_एनएस ही फाइल वाचून स्लॅक कळतो. प्रत्येक थ्रेडचं वाचा, फक्त मेनचं नको.

बाकीचं पटापट. झोप मोनोटॉनिक घड्याळावर (वेळ बदलली तरी मागेपुढे न उडणाऱ्या), ठरलेल्या क्षणापर्यंतची मागा; ‘आत्तापासून इतकं’ असं मागितलंत तर उशीर साठत जातो. पोल आणि सिलेक्ट हे वाट बघणारे कॉल लांबच्या टाइमआउटवर आपणहून साधारण ०.१ टक्का सैल होतात, कमाल १०० मिलिसेकंद. रिअल-टाइम शेड्यूलिंग धोरणातल्या थ्रेडला स्लॅक लागू होत नाही, टायमरएफडीलाही (फाइलसारखा वाचायचा टायमर) नाही.

शेवटी पुन्हा मोजा. बोर्ड शांत असताना, बॅटरीवर, एसएसएच (दुरून लॉगिन) बंद करून.