बॅकअप खेळाडूची किंमत करताय? या चुका टाळा

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो (क्लबांनी खेळाडू घ्यायची-विकायची मुदत) उघडली की हे ठरलेलंच असतं. कुणीतरी आकडे फिरवतो, "हा बघा, दर 60 मिनिटांना एक गोल आणि आपला कोच याला बेंचवर कुजवतोय", आणि खाली सगळे माना डोलावतात. चार दिवसांनी त्याच गर्दीतला दुसरा कुणी म्हणतो, अमक्याला विका, वर्षभरात पाच मॅच खेळला, बसून पगार खातो. दोघांनी बॅकअपकडे स्टार्टरच्या (सुरुवातीच्या अकरात खेळणाऱ्याच्या) चष्म्यातून बघितलेलं असतं, आणि हे सांगितलं की दोघंही चिडतात. चिडा. पण आधी वाचा.

90 मिनिटांमागे किती गोल, हा आकडा फेकणं

हा माझा सगळ्यात नावडता प्रकार, त्यामुळे जरा लांबणार आहे.

समजा एक स्ट्रायकर सीझनमध्ये 12 मॅचना शेवटची पंधरा-पंधरा मिनिटं आला. एकूण 180 मिनिटं, गोल 3. म्हणजे 90 मिनिटांमागे दीड. त्याच टीमचा स्टार्टर 2700 मिनिटं खेळलाय, गोल 15, म्हणजे 90 मिनिटांमागे अर्धा. झालं, लगेच निकाल, बेंचवरचा तिप्पट भारी. आता त्या तीनमधला एक गोल डिफेंडरच्या नडगीला लागून आत गेला होता असं धरा आणि तो काढून टाका. दीडचा एकदम एक झाला. स्टार्टरचा एक गोल काढा, 0.5 चा 0.47 होतो, म्हणजे काहीच हललं नाही. एका नडगीवर ज्याचा तिसरा हिस्सा उडतो त्या आकड्यावर कोट्यवधींची बोली लावा म्हणणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

बरं, मिनिटं कमी हा अर्धाच प्रॉब्लेम. ती मिनिटं वेगळीसुद्धा असतात. 75 व्या मिनिटाला समोरचा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) दमलेला असतो, मिडफिल्ड आणि डिफेन्समधलं अंतर वाढलेलं असतं, जी टीम मागे आहे ती सगळं सोडून पुढे आलेली असते, आणि तुमचा गडी ताज्या पायांनी त्या मोकळ्या जागेत पळतो. ओले गुन्नार सोल्शारने 6 फेब्रुवारी 1999 ला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध बेंचवरून येऊन शेवटच्या साधारण दहा मिनिटांत चार गोल ठोकले, पण तो आत आला तेव्हाच मँचेस्टर युनायटेड 4-1 ने पुढे होतं आणि फॉरेस्टवाले मनातून कधीच घरी पोचले होते. त्या दिवसाचं गणित 90 मिनिटांवर ताणलं तर हसू येईल असा आकडा निघतो. सोल्शार ग्रेट होताच, त्याच वर्षी 26 मे ला बायर्नविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये इंज्युरी टाइममधला विजयी गोल त्याचाच. पण त्याची खासियत अशी की तो बेंचवर बसून समोरच्या डिफेंडरांच्या खोडी टिपत बसायचा, कोण कुठे उशिरा वळतो वगैरे. हे दर-नव्वदच्या रकान्यात कुठे दिसणार?

आणि हीच चूक उलटीही होते, ती तर आणखी दुष्ट. "हा सेंटर बॅक (मधला डिफेंडर) आला की आपण गोल खातो." अरे बाबांनो, तो येतो कधी? 1-0 ने पुढे आहोत, 85 वं मिनिट आहे, समोरच्यांनी उंच स्ट्रायकर टाकलाय आणि दर मिनिटाला क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल) येतोय, तेव्हा. त्याला आत आणतात तेच मुळी पाणी नाकाशी आलेलं असतं म्हणून. मग शेवटी बिल कुणाच्या नावावर फाडायचं, तर त्याच्याच.

माझी सवय सांगतो. प्रत्येक खेळाडूची मिनिटं दोन ढिगांत टाकायची, स्टार्ट केलेली वेगळी, सब (बदली) म्हणून आलेली वेगळी, आणि सबच्या प्रत्येक एंट्रीपुढे त्या क्षणाचा स्कोअर लिहायचा. बस. कागद-पेन पुरतं. 900 मिनिटांखाली मी गोलांबद्दल बोलतच नाही (900 ला काही शास्त्र नाही, दहा पूर्ण मॅच होतात म्हणून धरलाय), तोवर शॉट कुठून मारतो, बॉक्समध्ये किती वेळा बॉल लागतो, आणि बॉल नसताना कुठे पळतो एवढंच बघायचं. ज्यांना पाच मिनिटांत उत्तर हवंय त्यांनी नाणं उडवावं, तेवढंच अचूक येईल.

मॅच संपल्यावर ॲपवर येणारं रेटिंग तर बघूच नका. बहुतेक रेटिंग मधल्याच कुठल्यातरी आकड्यापासून सुरू होतात आणि बॉलला पाय लागेल तसे वर-खाली होतात, त्यामुळे आठ मिनिटं खेळलेला माणूस चांगला खेळला काय आणि वाईट खेळला काय, तिथेच घुटमळतो.

तुलना चुकीच्या माणसाशी करणं

"हा आपल्या मेन राईट बॅकच्या (उजव्या कडेच्या डिफेंडरच्या) निम्माही नाही." बरोबर आहे, नाहीये. असता तर मेन झाला असता. पण मेन राईट बॅक जखमी झाला की तो तर खेळणारच नाहीये, मग त्याच्याशी तुलना कशाला? प्रश्न असा विचारायचा की हा बॅकअपही नसता तर त्या जागी कोण उभा राहिला असता.

आमच्या हौशी लीगमधला किस्सा. एका टीमसाठी मी मॅचची टिपणं काढायचो. त्यांच्याकडे एक बॅकअप राईट बॅक होता, अगदी साधा, वेग नाही, क्रॉस बरा, दोन सीझनमध्ये गोल शून्य, असिस्ट (गोल करून देणारा पास) शून्य. टीम निवडणाऱ्या मंडळींनी सीझन सुरू व्हायच्या आधी त्याला सोडलं, म्हणाले त्या जागी एक जादा अटॅकर घेऊ, राईट बॅकला काही झालंच तर विंगर (कडेचा अटॅकर) मागे खेळेल, तरुण आहे, पळतो. मी म्हटलं पळायचा प्रश्नच नाहीये. कोण ऐकतो.

ऐन मधल्या टप्प्यात मेन राईट बॅकची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली. विंगर मागे आला. पहिली मॅच छान, सगळे माझ्याकडे बघून हसले. दुसऱ्या मॅचपासून समोरच्यांनी हेरलं. बॉल त्यांच्या राईट विंगला, म्हणजे आमच्या लेफ्ट बॅकच्या बाजूला असताना आमच्या राईट बॅकने आत सरकून सेंटर बॅकच्या जवळ यायचं असतं, कारण क्रॉस लांबच्या पोस्टवर पडणार असतो. विंगरला आयुष्यभर शिकवलंय की बॉल पलीकडे असला की लाइनला चिकटून मोकळा राहा, स्विच (पलीकडून लांब पास) येईल. तो बिचारा तेच करायचा. बाजूला, मोकळा, हात वर करून बॉल मागत. आणि लांबच्या पोस्टवर त्यांचा गडी एकटा, निवांत हेडर. त्याला झाकायला उजवा सेंटर बॅक सरकायला लागला, तर मध्ये भगदाड. त्यात चांगला विंगर मागे अडकल्यामुळे पुढची उजवी बाजूही मेली. एक साधा माणूस सोडला आणि तीन जागा बिघडल्या. मंडळींनी शेवटी काय निष्कर्ष काढावा? विंगरला डिफेन्सची अक्कल नाही. त्याला कशाला असावी?

त्या सोडलेल्या पोराची सगळी कमाई एवढीच होती की क्रॉस यायच्या आधी तो डोकं मागे वळवून बघायचा आणि चार पावलं आत यायचा. दर वेळी. याला असिस्ट मिळत नाही.

तर माझं गणित साधं आहे, आणि तेही अंदाजाचंच. 38 मॅचची लीग धरा, एका जागेची मिनिटं 3420. मेन खेळाडू दुखापती, कार्ड, विश्रांती धरून आठेक मॅच बाहेर बसेल असं वाटत असेल तर 720 मिनिटं कुणीतरी दुसरा खेळणार. तो दुसरा कोण आणि त्याच्यानंतरचा तिसरा कोण, या दोघांतला फरक गुणिले ती 720 मिनिटं, ही बॅकअपची किंमत. सेंट्रल मिडफिल्डला तुमच्याकडे बरे पाच जण असतील तर चौथ्याची किंमत जवळजवळ शून्य, कितीही गोड खेळो. लेफ्ट बॅकला दोघंच असतील आणि बाकी टीममध्ये डाव्या पायाचं कुणी नसेल तर तो दुसरा सोन्याचा, कितीही कंटाळवाणा असो.

अजून एक, मिनिटांचा अंदाज जुन्या सवयीने करू नका. वर्ल्ड कपमध्ये सबस्टिट्यूट आले तेच 1970 ला, त्याआधी तिथे बेंच प्रकारच नव्हता. नंतर बरीच वर्षं तीन सब. 2020 मध्ये कोविडमुळे तात्पुरते पाच केले आणि 2022 मध्ये नियम कायमचा झाला. म्हणजे गोलकीपर सोडून दहापैकी अर्धी टीम मॅचमध्येच बदलता येते, फक्त त्यासाठी खेळ तीनदाच थांबवता येतो, हाफटाइम वेगळा. आता बारावा-तेरावा खेळाडू हा जवळपास रोजचा खेळाडू झालाय आणि लोक अजून त्याला स्टेपनी म्हणतात.

एका गोलावर जन्मभराची किंमत

डिव्हॉक ओरिगी, लिव्हरपूलचा बॅकअप स्ट्रायकर. 7 मे 2019, मेन अटॅकर सलाह आणि फर्मिनो दोघंही बाहेर, चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला बार्सिलोनाविरुद्ध 4-0 मध्ये याचे दोन गोल, मग 1 जूनला फायनलमध्ये बेंचवरून येऊन 87 व्या मिनिटाला दुसरा गोल मारून मॅचच संपवली. लिव्हरपूलवाले त्याला विसरणार नाहीत आणि विसरूही नये. पण प्रेम आणि किंमत वेगवेगळ्या वहीत लिहा. 2022 मध्ये तो मिलानला गेला, तिथे ते जमलं नाही. विशिष्ट टीम, विशिष्ट रोल, आजूबाजूला विशिष्ट माणसं, यातून तो ओरिगी तयार झाला होता.

दुसरा गोलकीपर म्हणजे खर्चात बचत

इथे शॉर्टकट मारणारे मला अजिबात आवडत नाहीत. गोलकीपरच्या बॅकअपचं गणित विचित्र असतं, सीझनभर शून्य मिनिटं आणि मग एका दिवशी सगळं त्याच्यावर. 2006 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला आर्सेनलच्या मेन कीपर लेहमनला 18 व्या मिनिटाला रेड कार्ड, बॅकअप अल्मुनिया आत, आणि त्याच्यासाठी बाहेर कोण काढला तर अटॅकिंग मिडफिल्डर पिरेस.

गोलकीपर एड्रियानचं उदाहरण मी नेहमी देतो कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये लिव्हरपूलने त्याला घेतला, काही दिवसांतच सीझनच्या पहिल्याच लीग मॅचमध्ये मेन कीपर अॅलिसन जखमी, आणि 14 ऑगस्टला चेल्सीविरुद्ध सुपर कपच्या पेनल्टी शूटआउटमध्ये शेवटची पेनल्टी यानेच अडवली. हिरो. पुढे मार्च 2020 मध्ये अॅटलेटिको माद्रिदविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये त्याच्या चुकीच्या क्लिअरन्सवरून गोल झाला आणि टीम चॅम्पियन्स लीगमधून बाहेर. व्हिलन. माणूस तोच. मी बॅकअप कीपरचे सेव्ह मोजत नाही, मोजण्याइतके नसतातच. मी बघतो की मागे पास आल्यावर पहिला टच कुठे जातो आणि कॉर्नरला बाहेर यायचं की नाही हे तो किती लवकर ठरवतो. वॉर्मअपमध्येही दिसतं, लवकर जाऊन बसा.

बाकीच्या, पटापट

पाच जागी खेळतो म्हणून पाचपट किंमत लावू नका. डिफेंडर जॉन ओ'शेने युनायटेडसाठी जवळपास सगळं केलं, फेब्रुवारी 2007 मध्ये टॉटनहॅमविरुद्ध गोलकीपर वान डर सार जखमी झाल्यावर ग्लोव्हजही घातले. पण त्याची किंमत होती ती बॅक लाइनमधल्या चारही जागी खरंच भागवायचा म्हणून. कुठल्या दोन जागी हा आला तर झोप उडत नाही, तेवढ्याच मोजा.

स्वतःच वारंवार जखमी होणारा बॅकअप हा बॅकअप नाही.

मेन स्ट्रायकर उंच, पाठ गोलकडे करून बॉल धरणारा, आणि त्याचा बॅकअप बारका, मागून पळणारा. मग उंच बॉल टाकत राहायचे आणि म्हणायचं "याच्याकडून होत नाही". कोचने प्लॅन बदलला का ते आधी बघा.

19 वर्षांच्या पोराला दोन वर्षं बेंचवर बसवून "वाढ खुंटली" म्हणणारे वेगळेच. लोनवर (दुसऱ्या क्लबकडे उसना) पाठवा.

आणि स्वभाव. याला आकडा नाही म्हणून लोक सोडून देतात किंवा मग "ड्रेसिंग रूममध्ये चांगला आहे" असं काहीही ठोकून देतात. मी दोनच गोष्टी बघतो. टीम गोल मारते तेव्हा बेंचवरून कोण उठतं हे नाही, ते सगळेच उठतात, कॅमेरा असतो. मॅच संपल्यावर न खेळलेल्यांना मैदानावर स्प्रिंट मारायला लावतात ना, तिथे कोण शेवटच्या लाइनपर्यंत जातो आणि कोण दोन पावलं आधीच वळतो. आणि दुसरं म्हणजे कोच हाक मारतो तेव्हा त्याची शिन पॅड आधीच मोज्यात असतात की बॅगेत शोधायला लागतात.