किनाऱ्यावर पक्षी बघायला निघालाय? आधी तिथी बघा

फाल्गुन-चैत्रात आपल्या कोल्हापुरातनं मालवण-देवगडला गाड्याच्या गाड्या जातात, मासे खायला, पोहायला. जावा की, पण गाडीत एक दुर्बीण टाका. ८ बाय ४२ ची (आठपट जवळ दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) साधी असली तरी बास, लई महागाच्या नादाला लागू नका.

निघायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थीला पूर्ण भरती दुपारी ३ च्या आसपास आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी ९ ला, तासभर इकडंतिकडं धरा. पाणी मागं हटलं की खाडीतला चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे-खेकडे टिपायला चिखल्या, तुतवार, कुरल असले चिखलात चरणारे पक्षी सगळे खाली उतरतात. म्हणून शुद्ध असो नाहीतर वद्य, द्वितीया ते चतुर्थी गाठायची, सकाळी ऊन पण आपल्या पाठीवर असतंय आणि पक्षी समोर स्वच्छ दिसतोय.

आता वसंतातच का? कुरव पक्षी बघा. थंडीत काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरंच असतंय, डोळ्यामागं फक्त एक काळा ठिपका. मार्च लागला की तो ठिपका पसरत पसरत अख्खं डोकं गडद चॉकलेटी होतं. छोट्या चिखल्याच्या छातीवर तसाच विटकरी पट्टा चढतो, उत्तरेला परत जायच्या आधी. त्यांना लांबच्या उड्डाणासाठी पोटभर खायचं असतं, म्हणून रील काढायला थव्यात पोरं पळवू नका, कळकळीनं सांगतोय.

जाताना राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट असा रस्ता धरा. वाटेतलं राधानगरी अभयारण्य १९५८ पासनंचं आहे. पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असते आणि त्यावर भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, नुसता कालवा, एप्रिल सरता सरता त्या निघून जातात. वळणावर गाडी थांबवायची नाही तेवढं बघा.

फुलपाखरं मात्र ऊन चढल्यावर, ९ ते ११. पंख तापल्याशिवाय ती उडत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाला ओढ्याकाठची ओली माती शोधा, नर तिथं क्षार शोषायला बसतात, नशीब असलं तर आपलं राज्य फुलपाखरू निलवंत पण दिसतंय. रुईच्या पानाखाली पण वाकून बघा, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असली तर ती केशरी प्लेन टायगर फुलपाखराची.

आणि खाडीवरनं परतताना आंब्याच्या कलमावर बांडगूळ दिसलं की थांबाच. त्याची फळं खायला चिमणीपेक्षा लहान फुलटोच्या येतो, बी दुसऱ्या फांदीला चिकटवून जातो, आणि त्याच्याच पानांवर हळदीकुंकू फुलपाखरू अंडी घालतंय. फक्त आंब्याचे दिवस आहेत, तेव्हा वाडीत शिरायच्या आधी "काकानू, झाडावरचं बांडगूळ बघू का?" असं विचारून घ्या.