जुन्या बाईकचं इंजिन घरी बांधताय? आधी हे बघा
खोलताना प्रत्येक स्टेपला फोटो काढा. भंगारातून ब्लॉक (सिलिंडरचा भाग) आणलात तर बोअरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या गोल नळीच्या) वरच्या टोकाजवळ नख फिरवा, अडकलं म्हणजे तिथं धार आलीय, बहुतेक वेळा रीबोअर करून (बोअर थोडा मोठा कापून घेऊन) ओव्हरसाइज, म्हणजे थोडा मोठा पिस्टन टाकावा लागणार. पिस्टनवर बसणारी रिंग आधी नुसतीच बोअरमध्ये सोडायची, पिस्टनच्या माथ्यानं सरळ खाली ढकलायची आणि टोकांच्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा, 70 मिमी बोअरला साधारण 0.3 मिमी फट हवी, फार कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडून रिंग तुटते आणि बोअरची वाट लागते. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वरखाली हलवून बघा, खटखट अजिबात नको, बाजूला थोडा सरकला तर चालतं. पिस्टन पिनचे लॉक, गॅस्केट, ऑइल सील मात्र नवीनच घ्या, प्लीज!